बेळगावात नव्याने आलात? गोडाचं दुकान नंतर, आधी वेळ विचारा

बदली होऊन, शिकायला म्हणून किंवा लग्न होऊन बेळगावात आलेलं माणूस पहिल्याच आठवड्यात विचारतं, "इथं चांगला कुंदा कुठं मिळतो ओ?" दहा जण दहा दुकानं सांगतात आणि विचारणारा आणखी गोंधळतो. माझं सांगणं असं, की या गावात दुकानाच्या आधी वेळ विचारावी. आजचा कुंदा कधी उतरला, मांडे किती दिवस आधी सांगावे लागतात, शेंगापोळी कुठल्या दिवसांत खावी, गुऱ्हाळं कधी पेटतात, हे एकदा कळलं की दुकान आपोआप सापडतं. वेळ चुकली तर नावाजलेल्या दुकानातूनसुद्धा शिळंच घरी येतं.

खाली सांगते त्या क्रमानं जा. पहिले दोन-तीन टप्पे महिन्याभरात उरकतील, पुढच्यांना वर्ष लागेल. ती घाई करण्यासारखी गोष्टच नाही.

सुरुवात कुंद्याने, आणि तीही पाव किलोने

कुंदा ही बेळगावची स्वतःची मिठाई. राजस्थानातून येऊन इथं स्थायिक झालेल्या पुरोहित आणि मारवाडी मिठाईवाल्यांनी ती नावारूपाला आणली, म्हणून आजही कुंद्याच्या दुकानांच्या पाट्यांवर 'पुरोहित' हे नाव ठिकठिकाणी दिसेल. ही सगळी दुकानं एकाच मालकाची नाहीत. 'पुरोहितांकडून आणला' एवढं कुणी सांगितलं तर 'कुठल्या पुरोहितांकडून, कॅम्पातल्या की गावातल्या?' हे विचारून घ्यायचं. कॅम्प म्हणजे लष्करी छावणीचा भाग.

कुंदा दुधाचाच, पण रंग मधाळ तपकिरी आणि पोत दाणेदार. दूध आटवत आणायचं, मध्ये थोडं दही किंवा आंबट घालून ते किंचित फाडायचं म्हणजे दाणा धरतो, मग साखर घालून सतत ढवळत राहायचं. खरं कौशल्य इथंच आहे. साखर आणि दूध एकत्र तापत तापत रंग बदलतात. लवकर उतरवलं तर तो नुसता कलाकंद होतो, जरा उशीर झाला तर करपट कडवटपणा येतो. काही जण साखर वेगळी भाजून रंग आणतात. त्याने काम लवकर होतं, पण चव वरवरची राहते. आटवून आलेल्या रंगाच्या कुंद्यात दुधाचा गोडवा आधी लागतो आणि साखरेचा नंतर. रंग देऊन केलेल्यात हा क्रम उलटा होतो. दोन दुकानांचा कुंदा लागोपाठ खाल्लात तर हा फरक तुम्हालाही कळेल.

म्हणून पहिल्या वेळी किलोभर घेऊ नका. एका संध्याकाळी कॅम्पातून पाव किलो घ्या, दुसऱ्या दिवशी खडेबाजार किंवा गणपत गल्लीच्या बाजूने पाव किलो, तिसऱ्यांदा शहापूरमधून. मुंबई-पुण्याच्या मानाने इथं अंतरं फार नाहीत. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली हा सगळा भाग पायी फिरण्याचा आहे, गाडी लांब लावून चालतच जा. शहापूरला मात्र कपिलेश्वराच्या उड्डाणपुलावरून वेगळं जावं लागतं. स्वातंत्र्यापूर्वी शहापूर सांगली संस्थानात होतं, बेळगाव इंग्रजांकडे. दोन बाजारपेठा वेगवेगळ्या वाढल्या, आणि शहापूरची माणसं अजूनही 'गावात जाऊन येतो' म्हणतात तेव्हा ती बेळगावला निघालेली असतात. मिठाईची आवडसुद्धा दोन्हीकडे थोडी वेगळी, असं मला वाटतं. शहापूरच्या कुंद्याला साखर जरा हात राखून असते.

दुकानात गेल्यावर तीन गोष्टी करा.

आधी विचारा, "आजचा आहे का? केव्हा उतरला?" चांगला दुकानदार या प्रश्नाने चिडत नाही, उलट ताटाकडे बोट दाखवून सांगतो. अजून कोमट असलेला कुंदा मिळाला तर तिथंच कागदावर थोडा घेऊन खा. कोमट कुंद्याची चव डब्यात भरून घरी येत नाही, ती दुकानाच्या पायरीवरच असते.

मग चव मागा. "जरा चव बघायला द्या की" म्हटलं की चमच्याच्या टोकावर देतात. इथं ते मागायला संकोच करायचं कारण नाही.

आणि ताटाकडे नीट बघा. कुंदा ओलसर असावा, पण कडेला तुपाचं तळं साचलेलं नको. दाणा वेगळा दिसावा, पण बोटाने दाबल्यावर रव्यासारखा सुटा होऊन पडू नये. वर कोरडी साय धरलेली असेल तर ते ताट कालचं समजा.

सोबत खाऱ्या चिवड्याची पुडी घ्या. कुंदा फार गोड, दोन चमच्यांनंतर जीभ थकते. मध्ये चिवडा आला की पुन्हा पहिल्यासारखी चव लागते.

तारीख, वजन, वर्ख

सुट्या मिठाईच्या ताटापाशी 'कधीपर्यंत खावी' ती तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून देशभर बंधनकारक झालं आहे. अनेक दुकानांत ती चिठ्ठी असते, पण लहान अक्षरांत किंवा मागच्या बाजूला. ती बघायची सवय लावून घ्या. दिवाळीच्या गर्दीत तर नक्कीच.

खोका मिठाईबरोबर वजनात धरायचा नसतो. काट्यावर आधी रिकामा खोका ठेवून आकडा शून्यावर आणला की नाही, एवढं बघा. बोलायची वेळ आलीच तर साधेपणाने "अण्णा, खोक्याचं वजन काढून द्या" म्हणा. वाद घालावा लागत नाही.

चांदीचा वर्ख दोन बोटांत चोळला तर विरून जातो. त्याची गोळी होऊ लागली तर तो ॲल्युमिनियमचा, ती मिठाई घेऊ नका. खव्यात पिठाची भेसळ आहे असा संशय आला तर घरी पाण्यात जरासा खवा उकळून, गार करून त्यात औषधाच्या दुकानातल्या आयोडिनचा थेंब टाका. निळा रंग आला तर पीठ मिसळलेलं आहे.

पाट्या बहुतेक कन्नडमध्ये असतात. महाराष्ट्रातून आलेल्यांना सुरुवातीला त्याचा धाक वाटतो, पण मिठाईच्या गल्ल्यावर मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही चालतात. तरी चार शब्द शिकून घ्या: 'एष्टु' म्हणजे किती, 'तुप्पा' म्हणजे तूप, 'बेल्ला' म्हणजे गूळ, 'हालु' म्हणजे दूध. तालुक्याच्या बाजारांत, विशेषतः गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गकडे, याचा फार उपयोग होतो. समोरच्याला अण्णा, अक्का, मामा, मावशी म्हटलं की निम्मं काम होतं. नावापुढे 'साहेब', 'मॅडम' लावून बोलायची पद्धत बाजारात नाही.

मांडे: आधी सांगून ठेवावे लागतात

कुंदा सगळ्यांना ठाऊक असतो. पण बेळगावचं खरं नवल मला विचाराल तर मांडे. खानदेशात खापरावर भाजतात ते पुरणाचे मांडे मऊ असतात. इथले मांडे साखरेचे, पापडासारखे कुरकुरीत, चौकोनी घडीचे. चार दिवसांत खराब होणारा हा जिन्नस नाही. कोरड्या डब्यात तो बरेच दिवस टिकतो, म्हणून लग्नाच्या रुखवतात त्याला मानाची जागा आहे.

हे काम एकदा डोळ्यांनी बघावं. मैदा आणि बारीक रवा तुपाचं मोहन घालून मळतात आणि कणीक तार सुटेपर्यंत कुटतात-मळतात. सारण पिठीसाखरेचं, त्यात खसखस, वेलदोडा, थोडं तूप. सारण भरलेला उंडा आधी पोळपाटावर लाटतात, मग करणारी बाई तो दोन्ही हातांवर घेते आणि मनगटापासून कोपरापर्यंत फिरवत फिरवत मोठा करते. फाटायला एक नख पुरेसं असतं, म्हणून हातात बांगड्या ठेवत नाहीत. पोळी इतकी पातळ होते की पलीकडचा हात दिसावा. ती उपड्या घातलेल्या कढईवर टाकली की क्षणभरात भाजते, उलटायची गरज नाही. लगेच, गरम असतानाच, चारी बाजूंनी घड्या. दोन श्वास उशीर झाला तर घडी पडण्याऐवजी तुकडे पडतात. ही सगळी घाई एका बाईच्या हाताची आणि एका बाईच्या नजरेची असते. म्हणून मांड्याला दोघी-तिघी लागतात. एकटीने करायचं काम ते नव्हे.

बाजारात काही मिठाईच्या दुकानांत तयार मांडे मिळतात, आणि ते वाईट नसतात. पण घरगुती ऑर्डर घेणाऱ्या बायकांकडचे खाल्ले की दुकानातले तुपाला कमी वाटतात. त्या बायका शोधायच्या कशा? पाटी नसते. शेजारच्या वयस्क बाईंना विचारा, "काकू, मांडे कोण करून देतं?" टिळकवाडी, शहापूर, अनगोळ, वडगाव, कुठल्याही भागात एक तरी नाव निघतंच. लग्नसराईत, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर आणि पुन्हा उन्हाळ्यात, त्यांना श्वास घ्यायला सवड नसते. तेव्हा निदान पंधरा दिवस आधी सांगा. पावसाळ्यात मागवू नका. हवा ओली असली की मांडा नरम पडतो, आणि चांगली बाई त्या दिवसांत ऑर्डर घेतही नाही.

खायची रीत: वाटीत मांडा चुरायचा, वर गरम दूध, चमचाभर तूप. लगेच खायचं. दूध ओतून गप्पा मारत बसलात तर लगदा होतो. लहान मुलांना तो लगदाही आवडतो म्हणा.

शनिवारी बाजारात जा

मिठाईच्या दुकानाबाहेरचं गोड बघायचं असेल तर शनिवारच्या बाजाराला जा. आसपासच्या खेड्यांतून बायका माल घेऊन येतात. त्यांच्याकडे लोणी मिळतं, पानावर ठेवलेले पांढरे गोळे. बेळगावच्या लोण्याचं नाव आहे आणि ते खरं आहे. सकाळी लवकर गेलात तर ताजं मिळतं, उन्हं चढल्यावर ते सुटू लागतं. वास घेऊन घ्या. आंबूस वास थोडा असणारच, पण कुबट नको. घरी आणून त्याच दिवशी कढवा. हे तूप आणि गूळ भाकरीबरोबर खाल्लं, की जेवणाअंती वेगळ्या मिठाईची आठवण होत नाही.

याच बाजारात रताळी. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांच्या लाल मातीत रताळ्याचं मोठं पीक निघतं आणि इथून ट्रक भरभरून उत्तरेकडे जातात. नवरात्रात, शिवरात्रीला घरोघरी रताळ्याच्या घाऱ्या, गुळातल्या फोडी, खीर. भाडेकरू मुलांसाठी सगळ्यात सोपी गोष्ट सांगते. रताळं उकडून सोलायचं, कुस्करायचं, त्यात त्याच बाजारचा गूळ आणि तूप घालून कढईत पाच मिनिटं परतायचं. वेलदोडा असला तर घाला. झाला शिरा.

बेळगाव बासमती म्हणून इथला एक वासाचा तांदूळ आहे. तो खिरीला घ्या, पण ओळखीच्या दुकानातून. नावावर दुसराच तांदूळ खपवला जातो. शिजताना घरभर वास सुटला नाही तर तो बासमती नव्हे.

उन्हाळ्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यातून करवंदं, जांभळं, फणस येतात. पानाच्या द्रोणात करवंदं दिसली की भाव न करता घ्यावीत, कारण ती काट्यांतून हात घालून तोडलेली असतात.

खानावळीत शेवटी काय मिळतं ते विचारा

नवीन आलेले लोक खानावळीत भाकरी-एणगाई (भरली वांगी), शेंगाचटणी खातात आणि उठतात. थांबा. लिंगायत खानावळीत शेवटी शेंगा-होळगी आहे का विचारा. भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट आणि गूळ भरलेली ही पोळी पातळ, खुसखुशीत, आणि दोन-चार दिवस सहज टिकते. आपण मराठी घरांत शेंगापोळी म्हणतो ती हीच, फक्त तिकडे आकाराने मोठी आणि कडा जास्त कडक. ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि चटण्या विकणाऱ्या घरगुती दुकानांतही ती पाकिटात मिळते. डब्यावर राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी खोलीवर ठेवायला याहून चांगला खाऊ नाही. पोट भरतं आणि फ्रीज लागत नाही.

काही खानावळींत ठरलेल्या वारी हुग्गी असते. कांडून कोंडा काढलेल्या गव्हाची गुळातली खीर, वर तूप, खसखस, सुकं खोबरं. गव्हाचा दाणा दातांखाली यायला हवा. पिठासारखी गुळगुळीत हुग्गी म्हणजे कुकरच्या शिट्ट्या जास्त झाल्या. मोठ्या कार्यात ती पितळी हंड्यांत रात्रभर मुरते, ती चव खानावळीत येणं अवघड. म्हणून या भागात कुणी लग्नाला, वास्तुशांतीला, मठातल्या दासोहाला (अन्नदानाच्या पंगतीला) बोलावलं तर जा. बोलावणं मनापासूनच असतं, आणि नव्या माणसाला पंगतीत बसवून वाढायची इथं सगळ्यांनाच हौस आहे.

उडुपी हॉटेलांतला शिरा सकाळी घ्या, दुपारनंतर तो कडक होतो. एवढंच.

वर्षाचा हिशेब

आता पुढची पायरी. भिंतीवर दिनदर्शिका लावा आणि या जागांवर खुणा करा.

जानेवारीत संक्रांत. तिळगूळ आणि गूळपोळी तर आहेच, पण कन्नड शेजारी असतील तर मादली चाखायला मिळेल. गहू आणि हरभराडाळीच्या जाड पोळ्या भाजून, कुटून, त्यात गूळ, सुकं खोबरं, फुटाण्याची डाळ घालतात. बरोबर दूध-तूप. विकत क्वचित मिळते.

होळीला पुरणपोळी दोन्ही भाषांच्या घरांत. मराठी घरात कटाची आमटी, कन्नड घरात होळगी-सारु; ताट जवळपास तेच. ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, म्हणजे कारहुणवी. बैलांची पूजा, आणि घरात पुन्हा पुरण, पण बऱ्याच ठिकाणी कडबूंच्या रूपात. गहू नवा, गूळ हिवाळ्यातला मुरलेला.

मग नागपंचमी, आणि ही माझी सगळ्यात आवडती. उत्तर कर्नाटकात पंचमी म्हणजे लाडवांचा सण. माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात, आणि घरात तऱ्हेतऱ्हेच्या उंड्या वळल्या जातात: शेंगदाण्याच्या, तिळाच्या, रव्याच्या, बुंदीच्या, शिवाय तंबिट्टू, म्हणजे पिठाचे गुळातले लाडू. मराठी घरांत त्याच दिवशी पुरणाचे दिंड उकडतात. शेजारी कन्नड असतील तर तुम्ही दिंड पाठवा, तिकडून उंड्या येतील. इथं ही देवाणघेवाण कुणी कुणाला शिकवत नाही, ताट रिकामं परत करायचं नाही एवढंच सगळ्यांना माहीत असतं.

मोहरमला खेड्यांत चोंगे करतात, गव्हाची गुळातली पोळी, वर नक्षीचे ठसे. मुसलमान घरांतही करतात आणि पंजांना मानणाऱ्या हिंदू घरांतही. रमजानात दरबार गल्ली, खडेबाजारच्या भागात रोजा सुटल्यानंतर जा. फिरनी, मालपुवा, फालुदा. गर्दी असते, बायका-मुलांना घेऊन जाणार असाल तर रमजानच्या शेवटच्या आठवड्याआधीच जाऊन या.

गणपतीत आणि दिवाळीत दुकानांवर झुंबड उडते. त्या दिवसांत कुंदा घ्यायचा तर सणाच्या चार दिवस आधी किंवा नंतर. ऐन सणात एवढा माल उतरवावा लागतो, की आटवायला पुरेसा वेळ कुणीच देऊ शकत नाही.

डिसेंबरात कॅम्प. छावणीमुळे इथं गोव्याकडची ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सेंट पॉल्स शाळाच १८५६ ची. नाताळच्या सुमारास कॅम्पातल्या बेकऱ्यांत प्लम केक, आणि ओळखीने घरगुती नेवऱ्या, कुलकुल, दोदोल. केक आधी सांगून ठेवला तर फळं भिजवून केलेला मिळतो. ऐनवेळी गेलात तर काचेत असेल तो घ्यावा लागतो.

आणि जत्रा. होळीपासून उन्हाळाभर तालुक्यात कुठल्या ना कुठल्या गावची महालक्ष्मीची यात्रा असते. काही गावांत ती बऱ्याच वर्षांनी एकदा येते, मग सगळं गाव घर रंगवून पाहुण्यांची वाट बघतं. जत्रेत गरम जिलेबी, भेंड-बत्तासे, चिरमुरे आणि गोडीशेव घ्यायचीच. गोडीशेव म्हणजे गुळाच्या पाकातली जाड शेव. गूळ पांढरट सुकलेला असेल तर जुनी, चकाकत असेल तर आजची.

गोकाकचा करदंट, गोकाकात

बेळगावातल्या प्रत्येक मिठाईच्या दुकानात करदंट मिळतो. तरी एकदा गोकाकला जाऊन घ्या. बेळगावपासून पासष्ट-सत्तर किलोमीटर. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटीसारख्या सरकारी बस सुटतात, रेल्वेने गेलात तर गोकाक रोड किंवा घटप्रभा स्टेशन. पावसाळ्याच्या अखेरीला जाणं उत्तम, कारण घटप्रभेचा गोकाक धबधबा तेव्हा भरून पडतो. तो सुमारे ५२ मीटर उंच आहे. धबधबा गावापासून थोडा दूर, म्हणून आधी तो बघा आणि मग गावच्या बाजारात या.

करदंटाचा जीव डिंकात. डिंक तुपात तळून फुलवतात, गुळाच्या पाकात तो आणि सुकं खोबरं, काजू, बदाम, खारीक, अंजीर, खसखस घालून थापतात. दुकानात दोन-चार दर्जे असतात. साध्यात खोबरं आणि डिंक जास्त, वरच्यात सुका मेवा जास्त. नवीन माणसाला महागातलाच चांगला वाटतो. मी मात्र साधा घ्यायला सांगेन, कारण मेवा वाढला की डिंकाचा कुरकुरीतपणा आणि गुळाचा खमंगपणा मागे पडतो. तुकडा मोडून बघा. चिवट ओढला जात असेल तर पाक कच्चा. कट्‌कन तुटून दाणे सांडले तर पाक जास्त झाला. मधला हवा. आमच्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतात तसाच हा पौष्टिक, हिवाळ्यात रोज एक तुकडा पुरे.

करदंटावर बागलकोट जिल्ह्यातल्या अमीनगडचाही हक्क आहे आणि तिथली माणसं आपलाच अस्सल म्हणतात. दोन्ही खाऊन तुमचं तुम्ही ठरवा. तसाच धारवाडचा पेढा, भौगोलिक मानांकन मिळालेला. तो बेळगावात जागोजागी मिळतो, पण धारवाडच्या लाइन बाजारातल्या ठाकूरांच्या जुन्या दुकानापुढे सकाळी रांगेत उभं राहून घेतलेला वेगळा लागतो.

गुऱ्हाळ

निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी, रायबाग, अथणी हा सगळा उसाचा पट्टा. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटतात आणि साधारण होळीपर्यंत चालतात. रस्त्याने जाताना गोडसर धूर आला की गाडी बाजूला घ्या. आधी विचारा, "मामा, बघायला येऊ का?" नाही म्हणालेला मला तरी कुणी आठवत नाही. काहिलीच्या जवळ मुलांना सोडू नका, रस उकळत असतो.

रानभेंडीचं पाणी घालून मळी वर आणतात आणि झाऱ्याने काढतात. रस घट्ट होत आला की गुळव्या चिमूटभर पाण्यात टाकून बघतो, त्याआधी काकवी काढून घेतात. स्वच्छ कोरडी बाटली बरोबर ठेवा. काकवी तिथं मिळते तशी बाजारात मिळत नाही. गूळ घेताना फार पिवळा, फार देखणा घेऊ नका. तो रंग बहुधा रसायनाने उजळलेला असतो. काळपट तपकिरी घ्या, चवीला किंचित खारट लागणार नाही ना एवढं पाहा.

गावी न्यायचं असेल तर

करदंट, मांडे, शेंगापोळी हे बिनघोर नेता येतं. मांड्याचा डबा सामानात सगळ्यात वर, आडवा न करता. रेल्वेत बर्थखाली ढकललात तर घरी चुराच पोचेल. चुराही दुधात चालतो, पण आहेर म्हणून देता येणार नाही.

कुंदा निघायच्या दिवशीच घ्या, आदल्या रात्री नको. पूर्ण गार झाल्यावर भरायला सांगा, गरम भरला तर झाकणाला वाफ धरून तो आंबतो. रात्रीच्या प्रवासाला हरकत नाही, पोचल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा किंवा जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर जरा कोमट करा, तुपाचा थेंबही घालायची गरज नाही. उन्हाळ्यात दिवसाचा लांबचा प्रवास असेल तर कुंदा नेऊच नका, त्याऐवजी करदंट जास्त घ्या.

लोणी नेऊ नका. कढवून तूप न्या.